ओकाएरी

भूकंपानंतर चंद्रशेखरकाकांची बायको-मुलं पुण्याला गेली, ती तिकडचीच झाली. काका योकोहामात मसाल्यांचं दुकान धरून राहिले.

वेबसाइट बनवणाऱ्या केतकीने त्यांना तयार टेम्प्लेट दाखवलं. "काका, हेच घ्या, आजच्या आज चालू होईल. उघडलं की 'इरास्शाइमासे' ऐकू येतं, इथल्या दुकानांत स्वागताला म्हणतात तसं."

"नको. मला वेगळी बनवून दे. उघडल्यावर 'ओकाएरी' ऐकू आलं पाहिजे. तुझ्या आवाजात चालेल."

केतकीला हसू आलं. "अहो काका, ओकाएरी घरी परत आलेल्या माणसाला म्हणतात, गिऱ्हाइकाला नाही!"

"माहितीये गं. इतकी वर्षं इथेच तर काढलीत."

तिने दिली बनवून. पुढे एका संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाज कावराबावरा. "केतकी, साइट उघडत नाहीये. जरा लगेच बघतेस?"

"बघते, काका. कुणा गिऱ्हाइकाची तक्रार आली का?"

 

"छे गं, गिऱ्हाईक कुठलं! मीच कुलूप उघडून केव्हाचा घराच्या दारात उभा आहे."