बाकीचं सगळं खाली

तासाभरासाठी आलेला लेक आईच्या कॉम्प्युटरपुढे बसला. पडद्यावर शिवणाच्या नमुन्यांच्या खिडक्या एकीवर एक चढलेल्या.

“अगं, एकेक काय बंद करत बसतेस? हव्या त्या खिडकीची वरची पट्टी माउसने धरायची आणि गदागदा हलवायची. बाकीच्या सगळ्या खाली जातात. पुन्हा हलवलं की परत वर!”

आई हरखली. “बरं, आता तुझं सांग. कसा आहेस?”

“अं? हो, हो.” लेकाचा एक डोळा फोनवर, दुसरा घड्याळावर आणि मन ऑफिसात.

आईने त्याचा कान धरला आणि गदागदा हलवला.

“आई गं! काय करतेस?”

“आता समोर कोण दिसतंय?”

“तूच!” तो हसत सुटला.

चहा संपेपर्यंत आईने कान सोडला नाही. पण चुकूनही पुन्हा हलवला नाही.