छुमछुम

"अहो, काढा तिचे पैंजण. सकाळपासून छुमछुम, डोकं उठलंय नुसतं," पुढच्या सीटवरचे काका खेकसले. नांदेडहून बस पुण्याला निघून अर्धा रस्ताही झाला नव्हता. मी मुकाट्याने थोरलीचे पैंजण काढून पर्समध्ये टाकले. अडीच वर्षांची ती, पाय आपटून रडली.

चहाच्या थांब्यावर धाकटा भुकेने कळवळला म्हणून मी सीटवरच त्याला पदराआड घेतलं. तो पिऊन झोपेपर्यंत बस कधीच सुटली होती. मान वर केली, तर शेजारची सीट रिकामी.

"माझी मुलगी! गाडी थांबवा!"

करकचून ब्रेक लागला. "सगळे मोजूनच घेतले की," क्लीनर म्हणाला.

"तिला मोजलंत?"

त्याने हातातली यादी चाळली. तिचं तिकीटच नव्हतं.

"टपरीपाशी एक लहान पोर दिसलं होतं खरं," मागून कुणीतरी म्हणालं. टपरीसमोरून ट्रक कसे सुसाट जात होते ते मी पाहिलं होतं. घरात ती कुठे आहे हे मला कानांनीच कळायचं. आज मीच माझे कान पर्समध्ये टाकले होते.

मी पैंजण बाहेर काढले आणि वेड्यासारखी वाजवत सीटांमधून बसच्या मागच्या टोकाकडे निघाले.

शेवटच्या सीटखाली, पोत्याआडून एक झोपाळू आवाज आला. "माझेत ते."

तिला मांडीवर घेऊन मी पैंजण पुन्हा तिच्या पायात घालू लागले. पैंजणाची कडी काही लागेना. तेवढ्यात काका आले, माझ्या हातातले पैंजण घेऊन खाली बसले.

"पुण्यापर्यंत वाजू देत," ते म्हणाले.

कडी त्यांनाही लवकर लागेना.