हद्दीवरच्या झाडाचं बी

नोलाने पुढे केलेलं रोप क्लेमने डोळ्यांजवळ धरलं. पानाच्या नागमोडी कडेवरून त्याने लगेच ओळखलं. “दलदलीतली निलगिरी! अगं, हिची ना फळी होते ना खांब, नुसता कोआलांचा चारा. ट्रॅक्टरला साखळी बांधून या कुरणातली सगळी झाडं मीच उपटली होती.” “ठाऊक आहे. पण पोराच्या नावाने तू लावलेली उंची जातीची निलगिरी हिवाळ्याच्या पाण्यात कुजली. ही पाण्यात उभी राहून वाढते,” नोला म्हणाली. “आणलीस कुठून?” “शेजाऱ्याच्या हद्दीवरच्या झाडाचं बी पेरलं.” क्लेमची मान खाली गेली. पुरात गाई सोडवायला गेलेला त्यांचा लेक याच कुरणातून वाहत गेला होता आणि हद्दीवरच्या त्याच झाडाला त्याचा देह अडकलेला सापडला होता. त्याआधी वाटेत धरायला एकही झाड उरलं नव्हतं. क्लेमने कुदळ उचलली. “एकच रोप केलंस?” “नाही. कुरण भरेल एवढी केलीत.”