सगळ्यात भयंकर सिनेमा

आई गेल्यानंतरचं हे पहिलंच हॅलोविन. दरवर्षी संध्याकाळचा भुताचा सिनेमा तीच निवडायची, तोही कमीत कमी रक्ताचा. यंदा कॉलीन आणि धाकटी ट्रुडी, दोघींनी हट्टानं सगळ्यात भयंकर तोच लावला.

"मध्येच रडायला लागलीस तर बंद करीन हं," कॉलीन म्हणाली.

"रडतंय कोण? बेचाळीस वर्षांची घोडी झालेय मी."

सिनेमा चांगला रंगला. पडद्यावर तळघराचं दार करकरत उघडायला लागलं आणि मागून ट्रुडीच्या डोळ्यांवर एक हात आला. थंडगार, घट्ट.

"कॉलीन, काढ ना गं! आता कुठे मजा येतेय."

"काय काढू?" कॉलीनचा आवाज बाहेरून, पोर्चवरून आला. सोंगं घेऊन आलेल्या पोरांना ती गोळ्या वाटत होती.

बेचाळीस वर्षांच्या पोरीचे डोळे झाकणारं घरात एकच माणूस होतं.

पडद्यावरची किंकाळी थांबली, तसा हात अलगद निघून गेला. ट्रुडीनं मागे वळून पाहिलं नाही. चाचपडत रिमोट उचलला आणि सिनेमा पुन्हा तळघराच्या दारापाशी नेला.