पाच बोटं

मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला निकिता तिसऱ्यांदा बसली होती. केस म्हणून मिळालेल्या केरबांचं पोट तपासताना बोटं नेमकी कुठे टेकवायची तेच निकिता विसरली होती. शेवटी म्हाताऱ्यालाच दया आली. "घाबरू नकोस पोरी," ते कुजबुजले. "डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढलीय माझी. तीन बोटं. सकाळपासून सगळ्यांना मीच सांगतोय."

तिला इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. पण दाबून पाहिलं तर पाणथरी, म्हणजे पुस्तकातली प्लीहा, तीन बोटांवर संपेना. तिने पुन्हा मोजलं. पाच भरली.

तेवढ्यात परीक्षक आले. "बोला, किती वाढलीय?"

तीन म्हटलं असतं तर सुटली असती. केरबा मान हलवून तिला तेच सुचवत होते.

"पाच बोटं, सर."

"आधीच्या आठ जणांनी तीन सांगितली."

"माझ्या हाताला पाच लागतायत, सर."

परीक्षकांनी केसपेपर बाजूला ठेवून स्वतः तपासलं. बराच वेळ त्यांनी हात उचलला नाही. मग म्हणाले, "बरोबर आहे. महिन्याभरात वाढलीय. तुमचं झालं, जा तुम्ही."

म्हणजे ती पास होती. ती उठली, तशी केरबांनी तिच्या एप्रनची बाही धरली. "मागच्या महिन्यात तीनच होती गं. आता काय होणार माझं?"

या प्रश्नाचं पुस्तकातलं उत्तर तिला तीन वर्षं पाठ होतं. परीक्षक केसपेपरातून मान वर करत नव्हते. निकिताने केरबांचा सदरा नीट खाली ओढला आणि ती स्टुलावर परत बसली.