निम्म्या कपाळावरच्या आठ्या

मेंदूतून निघणाऱ्या बारा मज्जातंतूंवर व्याख्यान द्यायला बोलावणारं मेडिकल कॉलेजचं पत्र मी उत्तर न देता ठेवून दिलं होतं. मी मुळात बुजरा, त्यात निम्मा चेहरा लुळा पडलेला; चहासुद्धा डावीकडून ओघळायचा.

"जाऊ नका, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "मेंदूला झटका बसलाय तुमच्या. पोरं हसतील."

मेंदूला? मी आरशासमोर जाऊन भुवया उंचावल्या. कपाळाच्या उजव्या बाजूला आठ्या पडल्या, डावी गुळगुळीतच राहिली.

"कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो; एका बाजूला बिघाड असता तरी इकडेही आठ्या पडल्या असत्या," मी म्हणालो. "मेंदू ठणठणीत आहे. चेहऱ्याचा सातवा मज्जातंतू तेवढा रुसलाय."

"पण या तोंडानं शिकवणार?"

"याच तोंडानं."

'येतो. सातव्या मज्जातंतूसाठी तक्ता लावू नका,' एवढंच लिहून मी पाकीट टपालपेटीत टाकलं.