उशिरा उडालेला अंगठा

मनगटावर विजेचा हलकासा झटका दिला, की अंगठा लगेच उडतो. विजयमालाचा उजवा अंगठा मात्र जरा विचार करून उडाला. सोलापुरातल्या एका शिलाई कारखान्यात नोकरी हवी, तर आधी हाताची नस तपासून घ्यावी लागत होती.

"रोज किती भाकऱ्या थापता?" डॉक्टर निवेदिताने विचारले.

"कुनी मोजल्यात! लगीन झाल्यापासनं थापतीच हाय की."

"मनगटात नस दबली आहे. महिनाभर हाताला विश्रांती द्या. बरी झाली, तर नोकरी तुमचीच."

सोबत आलेले तिचे यजमान बिरुदेव खूश झाले. "म्या म्हनलंच हुतं, हिला झेपायचं न्हाय. आमचा हात बगा, डाक्टरबाई!" त्यांनी आपणहून बाही वर सारली. झटका बसताच अंगठा टुणकन उडाला.

"वा! तुमची नस अगदी नव्यासारखी आहे," निवेदिता म्हणाली. बिरुदेवांची छाती फुगली.

विजयमालाने पदर खोचला आणि इतकी वर्षं ओठांवर अडलेलं एकदाचं बोलून टाकलं.

 

"मग उद्यापासनं भाकरी तुमी थापायची. नवाकोरा हात हाय, वापरा की!"